आणणाऱ्याचा रकाना

"आणणारा पाह्यजे. काहून म्हणून विचारायचं नाही."

आमच्या संघात पाऊल टाकल्यावर मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. सांगणारे पीटरकाका, संघाचे अध्यक्ष. आणि ऐकणारी मी, तेवीस वर्षांची, नुकतीच बी.एस्सी. झालेली, 'काहून', म्हणजे 'का', हा शब्द दिवसातून चाळीस वेळा वापरणारी! तेव्हाच कळायला हवं होतं की इथं किस्से होणार.

झालेच. तीन वर्षांत इतके साठले की मैत्रिणी भेटल्या की चहा यायच्या आधीच विचारतात, "सांग वं रेजिना, तुझ्या म्हाताऱ्यांचं काय नवीन?" एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागे दुसरा दारात उभाच असतो. मी हसवत सांगते. घरी जाताना माझं मलाच काहीतरी होतं, तो भाग सांगत नाही. आज तोही सांगते.

आधी संघ म्हणजे काय ते ऐका, नाहीतर भजनी मंडळ वाटेल. वणीच्या बाहेर, चंद्रपूर रस्त्याला आमच्या सिस्टर लोकांचं कॉन्व्हेंट आहे. दवाखाना, शिवणवर्ग आणि एक छोटं चॅपेल. या सिस्टर ज्या व्रतानं राहतात, त्याच व्रताची एक शाखा घरादारात राहणाऱ्यांसाठीही असते. प्रापंचिक शाखा. आमची मंडळी तिला नुसतं 'संघ' म्हणतात. त्यात झगा नाही, डोक्यावर व्हेल नाही. आपल्या घरी राहायचं, आपली नोकरी किंवा शेती करायची. पण सकाळ-संध्याकाळ सिस्टरांचीच प्रार्थना म्हणायची, महिन्यातून एकदा जमायचं, अडल्या माणसाच्या मदतीला धावायचं. आणि एक दिवस वेदीपुढे उभं राहून तसं आयुष्यभर जगायचं वचन द्यायचं.

त्या वचनाच्या दिवसाची एक रीत. बाई असेल तर तिला घरातल्या पुरुषानं हात धरून वेदीपर्यंत आणायचं. बायकोला नवरा आणतो, विधवेला भाऊ नाहीतर मुलगा. आणणारा म्हणतो, "मी हिला आणलं आहे. हिची जबाबदारी माझी." मग रजिस्टरात तिच्या नावापुढे 'आणणारा' या रकान्यात त्याचं नाव लिहितात. बिनलग्नाची मुलगी संघात कधी आलीच नव्हती. तिनं एक तर लग्न करायचं, नाहीतर सिस्टर व्हायचं. मधलं काही नाही.

मला नेमकं मधलंच पाहिजे होतं! म्हणून तीन वर्षं माझं नाव रजिस्टराच्या शेवटच्या पानावर होतं. पुढे लिहिलेलं, 'पाहुणी'.

*

"हे खूळ तुले लागलं कुठून?" असं आई अजून विचारते. त्या खुळाचं नाव मटिल्डामावशी.

मटिल्डामावशी म्हणजे संघातली सगळ्यात बोलकी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन एकर शेत, एक म्हैस आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एक मत. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आईचं औषध आणायला कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात गेले, तर चॅपेलमध्ये संध्याकाळची प्रार्थना चाललेली. सहज दारातून डोकावले.

शेवटच्या बाकावर मावशी. शेतातून थेट आलेली. केसांत कापूस, पदराला पऱ्हाटीच्या काड्या, पायाला माती. डोळे मिटलेले. स्तोत्राची एक ओळ सिस्टर म्हणायच्या, दुसरी मावशी आणि संघातले दोघं-तिघं. एकमेकांना हाक दिल्यासारखं. आणि मावशीचा चेहरा असा, की मी औषध विसरले. आपली कोणीतरी वाट पाहतंय हे पक्कं माहीत असलेलं माणूस बसमध्ये कसं बसतं, तशी ती बसली होती.

प्रार्थना संपली. मावशीनं क्रूसाची खूण केली, डोळे उघडले आणि म्हणाली, "अव्वो माय! दूध चुलीवरच राह्यलं माह्यं!" आणि जी पळाली!

मी हसले. पण औषध न घेताच घरी आले. मला व्हेल नको होता, मंगळसूत्र नको होतं. मला ते पाहिजे होतं. पऱ्हाटीतून थेट तिथं, आणि तिथून थेट दुधाकडे.

*

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात संघाचा एक मौनदिवस असतो. सकाळी नऊ ते दुपारी चार, शब्द काढायचा नाही. देवाचा आवाज ऐकायचा.

पीटरकाका कोळसा खाणीच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेले. आयुष्यभर कामगारांची हजेरी घेतली. घड्याळ न पाहता पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांनी घंटा वाजवली. मौन सुरू.

चौथ्या मिनिटाला कोणी खोकलं. मटिल्डामावशीनं पिशवीतून खडीसाखर काढून खुणेनंच पुढे केली. इथपर्यंत ठीक. आठव्या मिनिटाला खिडकीतून एक म्हैस दिसली. मावशीनं ओठ दाबले. म्हैस कुंपणातून आत आली. मावशीनं पदर तोंडात कोंबला. म्हैस सिस्टरांच्या गुलाबापाशी पोचली आणि तिनं मान खाली घातली.

"अवं, ते माहीच हाय ना वं!"

काकांनी घड्याळ पाहिलं. "अकरा मिनिटं," ते म्हणाले. "मागच्या वर्षी नऊ झालते. सुधारणा हाय." आणि मग आपणही बोललो, हे लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला!

सगळे हसले, मौन गेलं. मी मात्र त्या दिवसासाठी आठवडाभर थांबले होते. खरं सांगू? त्या अकरा मिनिटांत काहीतरी अगदी जवळ आल्यासारखं वाटलं होतं. श्वास ऐकू यावा इतकं जवळ. हे मी कोणाला सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर मावशी म्हणाली असती, "म्हैसच होती ते!"

*

मोठ्या सणाला आम्ही संतांची नावं घेतो. एकानं नाव वाचायचं, बाकीच्यांनी "आमच्यासाठी विनंती कर" म्हणायचं. लांबलचक यादी. वाचायचा मान अर्थात काकांचा.

काका ती यादी खाणीच्या गेटवरची हजेरी असल्यासारखी वाचतात. खणखणीत आवाजात नाव, मग चष्म्यावरून एक नजर, मग पुढचं नाव. एकदा उन्हाळ्यात लाइट गेलेली, पंखे बंद, अर्धा संघ पेंगत होता. काकांनी एका संताचं नाव घेतलं. कोणीच काही म्हणालं नाही. काकांनी पुन्हा नाव घेतलं. शांत.

काकांनी खिशातली पेन्सिल काढली आणि म्हणाले, "गैरहजर!"

त्या दिवशी सगळे असे खुशीत होते की मीही धीर केला. "काका, माझं नाव कधी घेता?"

काकांनी यादी घडी करून खिशात ठेवली. ते रागावले नाहीत, हीच तर माझी अडचण! रागावले असते तर भांडता आलं असतं. "पोरी," ते म्हणाले, "खाणीत उतरायच्या आधी मी माणसाले विचारत होतो, तुह्या घरी कोण हाय. खाली काही झालं तं मी कोणाच्या दारी जाऊ? तसंच हाय हे. तुह्यं काही झालं तं मी कोणाले विचारू?"

"मले विचारा ना!"

"तुले कसं विचारू? तू तं खाली असशीन."

*

आमच्या संघाकडे पाहणाऱ्या सिस्टर लिसी. केरळच्या. मराठी पुस्तकातून शिकल्या आणि मग वणीच्या बाजारात, म्हणून "कृपया" आणि "कायले" एकाच वाक्यात येतं. मी त्यांना स्पष्टच विचारलं, "सिस्टर, तुमच्या नियमांच्या पुस्तकात आणणारा लिहिला आहे का?"

त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. नाही! कुठेच नाही!

"मग?"

"पुस्तक आमचं आहे," सिस्टर म्हणाल्या. "रीत त्यांची आहे. मी कायले मध्ये पडू, कृपया सांग."

मग त्यांनीच मला मुलींच्या शिबिराला पाठवलं. देवाचं पाचारण कसं ओळखायचं, यावर तीन दिवस. शेवटच्या दिवशी फॉर्म दिला. 'तुला काय वाटते, देव तुला कशासाठी बोलावत आहे?' खाली दोन चौकोन. एकापुढे 'धर्मभगिनी', दुसऱ्यापुढे 'पत्नी व माता'. बरोबरची खूण करायची. खोलीभर पेनांचा आवाज. मी अर्धा तास त्या दोन चौकोनांकडे पाहत बसले. मग पट्टी घेतली आणि खाली तिसरा चौकोन काढला. चांगला आखून. पुढे काही लिहिलं नाही, नुसती खूण केली.

परत आल्यावर सिस्टरांनी बोलावलं. फॉर्म त्यांच्या टेबलावर होता. "पुढे काही लिहिलं नाहीस?"

"शब्द सापडला नाही, सिस्टर."

त्यांनी फॉर्म बराच वेळ पाहिला. "आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर म्हणाल्या, ही गणितात हुशार असेल. चौकोन अगदी सरळ आहे."

*

आईनं मग दुसरा चौकोन हातात घेतला. आमच्याकडे कॅथलिक घरं मोजकी, त्यामुळे स्थळ दुरून येतं. हे आलं नेरहून, दोन बस बदलून. मुलगा शाळेत मास्तर. आईनं चिवडा केला, मला साडी नेसवली. आम्हा दोघांना 'जरा बोला' म्हणून अंगणात बसवलं.

तो म्हणाला, "तुमी सिस्टर होणार होत्या म्हणे?"

"नाही."

"मंग लग्न?"

"नाही."

"मंग इथं कायले बसल्या?"

"तुम्ही दोन बसा बदलून आले म्हणून."

तो मनमोकळा हसला. चांगला होता बिचारा. चिवडा दोनदा मागून घेतला, आणि निघताना आईला म्हणाला, "काकू, पोरगी चांगली हाय. पण तिचं ठरलेलं दिसते."

झालं! आईच्या डोक्यात किडा. ठरलेलं? कोणासंगं? आठ दिवस तिनं माझ्या येण्याजाण्यावर पहारा ठेवला. मग एका दुपारी माझं कपाट, माझी पुस्तकं उलटीपालटी केली आणि तिला सापडलंच. रसायनशास्त्राच्या वहीत घडी केलेला कागद. माझं अक्षर. आईनं बाबांना कामावरून आल्या आल्या धरलं आणि दारातच मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'तू बोलावतोस, आणि मी आले की बोलत नाहीस. दार मात्र उघडं ठेवतोस. किती दिवस असं? एकदा माझं नाव घे. मी कामं टाकून येईन.' पाहा! पाहा पोरीचे धंदे! बोलावते अन् बोलत नाही, असा कोणता मेला हाय हा?"

मी भिंतीला टेकून उभी. काय सांगणार? ती माझी प्रार्थना होती. मौनदिवसानंतर लिहिलेली.

बाबांनी कागद घेतला. एकदा वाचला, परत वाचला. घडी केली, माझ्या हातात दिला आणि चप्पल काढत आईला म्हणाले, "हा तं आपल्या ओळखीचा हाय. पाणी दे."

*

त्या वर्षांत आमच्या भागात 'कोणाचा नवरा गेला' असं म्हटलं की कसा गेला, हे पुढे कोणी विचारायचं नाही. ही दुसरी न विचारायची गोष्ट. कांताबाईचा नवरा असाच गेला, ऐन वेचणीत. कापूस फुटून उभा, मजूर मिळेना, घरात दोन पोरी. कांताबाई हिंदू, आमच्या चर्चशी तिचा काही संबंध नाही. पण मटिल्डामावशीचं शेत बांधाला लागून. मावशीनं बैठकीत सांगितलं, आणि काकांनी जाहीर केलं, "शनिवारी संघ वेचाले जाईन. हजेरी सात वाजता."

काय ते दृश्य! बाराच्या बारा म्हातारे, कमरेला झोळ्या बांधून पऱ्हाटीत. काका टाय लावून आले नाहीत एवढंच! वेचता वेचता रोझरी म्हणायची ठरली. आता रोझरीची माळ हातात धरावी लागते, एकेक मणी सरकवत प्रार्थना मोजायची. पण दोन्ही हात कापसात! मग मावशी म्हणाली, "मी बोंडं मोजतो मनात." मोजली की नाही देव जाणे. पाच फेऱ्यांची रोझरी, ती तास गेला तरी संपेना. तासाच्या शेवटाला काकांनी घड्याळ पाहून हिशेब लावला. आठ फेऱ्या झाल्या होत्या आणि नववी चालू होती!

कांताबाई पहिल्यांदा हसली त्या दिवशी. "तुमचा देव लय वेळ घेते बाप्पा," ती म्हणाली, "पण वावर निंघालं!"

प्रत्येक फेरी एकेक जण पुढे होऊन म्हणत होता. माझी पाळी आली नाही. पाहुणीची येत नाही. मी आपली ओळ धरून वेचत होते. कांताबाई शेजारच्या ओळीत. म्हणाली, "तू काहून नाही म्हणत वं? तुले येत नाही?"

"येते. सगळी येते."

"मंग?"

"मी पाहुणी आहे ना."

तिनं एक बोंड मोकळं केलं, झोळीत टाकलं. मग काकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "वेचाले पाहुणी चालते वाटते!"

काका त्या क्षणी अगदी मन लावून वेचत होते!

*

ही रीत आली कुठून, याचा छडा शेवटी मावशीनंच लावला. म्हणजे लावला नाही, बोलता बोलता तिच्या तोंडून सांडलं. आम्ही दोघी तिच्या ओसरीवर सरकी निवडत होतो.

"पहिले तं हे आणणारा-बिणणारा काही नोतं वं," ती म्हणाली. "मी नवी नवरी होती तवाची गोष्ट. खाणीच्या कॉलनीतून कॉन्व्हेंटात याले जंगलातून पायवाट होती. अन् त्या साली निंघाला वाघ. तं तवाचे फादर म्हणे, बायका एकट्या येऊ नका. कोणीतरी आणत जा. अन् कोण कोणाले घेऊन आलं ते लिहून ठेवा, म्हणजे परत जाताना मोजता येईन."

मी सरकी खाली ठेवली. "मावशी, म्हणजे तो रकाना वाघासाठी होता?"

"हो मंग!"

"आणि वाघ?"

"तो गेला त्याच साली. चंद्रपुराकडे."

मी सायकल काढली आणि थेट काकांच्या घरी. आता त्या वाटेवर डांबरी रस्ता आहे, रात्रंदिवस कोळशाचे ट्रक धावतात, वाघ आला तर तोच चिरडेल! हे सगळं मी एका दमात सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले माहीत हाय."

"माहीत आहे?"

"माह्या बायकोले मीच आणत होतो ना त्या वाटेनं. पुढं मी, हातात कंदील, मागं तिचा हात." काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. "तो रकाना काढला तं तिच्या नावापुढून माह्यं नाव जाईन, पोरी."

माझ्यासारखी भांडखोर पोरगी, पण त्या दिवशी सायकल हातानं ओढत घरी आली.

*

राहिले बाबा. त्यांनी आणलं तर प्रश्नच मिटत होता! पण बाबांना विचारायला मी दोन वर्षं घेतली.

बाबा जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखतात. गाडीतून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, आणि धागा किती लांब आहे ते नजरेनं सांगायचं. त्या वर्षी अळीनं कापूस पार किडका, कवडी केला होता. गेटबाहेर गाड्यांची रांग, आणि रांगेतली माणसं बाबांच्या तोंडाकडे नाही, अंगठ्यांकडे पाहत होती. मी डबा घेऊन गेले होते. गर्दी ओसरल्यावर विचारलं.

"बाबा, वचनाच्या दिवशी मले आणता?"

त्यांच्या हातात कापूस होता. ते ओढत राहिले. "तुहा हात मी एकदाच देईन, पोरी. चर्चमध्ये, नवऱ्याच्या हातात. दोनदा कसा देऊ?"

"मग माझ्यात धागाच नाही, असं समजायचं का? तुम्ही मले कधी ओढून पाह्यलं?"

बाबांनी मान वर केली. अंगठ्यांमधला तो धागा उन्हात चमकत होता.

"लहानपणापासून पाहून राह्यलो," ते म्हणाले. "लय लांब हाय. म्हणून तं भेव वाटते."

*

आणि आता शेवटचा.

वचनाचा दिवस आठ दिवसांवर आला होता. रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर शिवणवर्गाच्या खोलीत बैठक. मशिनी भिंतीकडे सरकवलेल्या, संघ अर्ध्या गोलात, सिस्टर लिसी दाराशी. माझ्याबद्दलचा निर्णय होता. आमच्या मदरची हरकत नव्हती, पण शेवटचा शब्द संघाचा.

काकांनी घसा साफ केला. "संघानं मधला मार्ग काढला हाय," ते म्हणाले. आणि दाराकडे पाहिलं.

दारात बाबा. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. सणावारी घालतात तो. मला काही सांगितलं नव्हतं. ते आत आले, माझ्यासमोर थांबले. रजिस्टर उघडं होतं. पहिल्यांदाच माझं नाव शेवटच्या पानावर नव्हतं. मधल्या पानावर होतं, मावशीच्या नावाखाली, काकूंच्या नावाच्या पानावर. काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि टोक 'आणणारा'च्या रकान्यावर टेकवून धरलं.

तीन वर्षं! तीन वर्षं मी ज्या पानासाठी थांबले होते ते माझ्यापासून हातभर दूर होतं. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

"पुढच्या रविवारी कसं म्हणायचं ते आज एकदा म्हणून घ्या," काका बाबांना म्हणाले आणि चिठ्ठी दिली.

बाबांनी हात पुढे केला. कापूस ओढून ओढून गुळगुळीत झालेला अंगठा. मीही हात उचललाच होता. बाबा वाचू लागले, "मी हिला आणलं आहे. लग्न होईपर्यंत हिची जबाबदारी..."

"नाही."

बाबा थांबले.

"'लग्न होईपर्यंत' एवढंच खटकत असन तं काढू आपण," मावशी घाईघाईनं म्हणाली. "काढा हो काका, तेवढं काढा!"

"तेवढं नाही, मावशी," मी म्हणाले. "बाबा, तुम्ही माह्या बाजूनं चाला. मले पाह्यजेच तुम्ही. पण तुम्ही मले आणलं, असं म्हणू नका."

काकांचं पेन तसंच टेकलेलं. रकान्यात शाईचा ठिपका मोठा होत होता. "मंग काय लिहू मी इथं?" ते म्हणाले. "सांग ना. कोणं आणलं तुले?"

"कोणंच नाही आणलं, काका. मले बोलावलं, म्हणून आली मी. रकाना रिकामा ठेवून घेत असान तं घ्या. नाही तं मी पाहुणीच बरी."

बाबांचा हात अजून पुढेच होता.

कोणी काही बोललं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज पार वणीकडे जाऊन विरला. मटिल्डामावशीनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

काकांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं, मौनदिवशी पाहतात तसं.